आईने दोरी ओढली तेव्हा

"चुकून भलत्याच वेळी घंटा वाजली, तर काय होतं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हे. तो सायमा आणि देवयानीचा. मी इटलीला जाणार हे कळल्यावर दोघींनी पैज लावली होती की तिथल्या एखाद्या खऱ्याखुऱ्या घंटा वाजवणाऱ्या माणसाला हा प्रश्न मी समोर उभं राहून विचारायचा आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. नाही जमलं, तर आठवीचं वर्षभर दोघींची दप्तरं जिन्यावरून वर न्यायची.

पैजेचं कारण असं की सातवीच्या अख्ख्या वर्षात मी वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता. घरी माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्यापर्यंत जायचा, आणि शाळेच्या फाटकातून आत गेले की कुठे गुडूप व्हायचा कुणास ठाऊक. देवयानी म्हणायची, स्वरूपाला शाळेत रेंज येत नाही.

याला आता तीन वर्षं होतील. मी दहावीत आहे, आणि हल्ली शिक्षक मला प्रश्न कमी विचार म्हणतात. पण तेव्हा तो एक प्रश्न मी वेरोनातल्या त्या मनोऱ्याचा जिना चढताना इंग्रजीत शंभरदा तरी पुटपुटले असेन.

आम्ही तिथे पोचलो कसे, ते सांगते. बाबांचा ओझरला द्राक्षबागांच्या फवारणी यंत्रांचा कारखाना आहे. त्या यंत्रांचे नोझल वेरोनाहून येतात, रेंझो झानोनी नावाच्या गृहस्थांकडून. बाबा त्यांना रेंझोशेठ म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. त्या एप्रिलमध्ये वेरोनात द्राक्षशेतीच्या यंत्रांचं प्रदर्शन होतं. माझी परीक्षा संपल्या संपल्या बाबांनी आईला आणि मलाही बरोबर घेतलं. प्रदर्शन संपलं त्या दिवशी रेंझोशेठ म्हणाले की उद्या आमच्या पेठेतल्या देवळाचा सण आहे, आज संध्याकाळी आम्ही पाचजण घंटा वाजवणार आहोत, तर वर या. ते 'चर्च' म्हणाले होते. 'देऊळ' हे बाबांनी आईसाठी केलेलं भाषांतर, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं असं आईचं आजही म्हणणं आहे.

मनोरा विटांचा, उंच आणि खूप जुना. आतला जिना दगडी, मग लाकडी, मग नुसती शिडीच म्हणावी असा. बाबा प्रत्येक झरोक्यापाशी थांबून बाहेर बघत होते. एका झरोक्यातून नदीचं मोठं वळण दिसलं, तर म्हणाले, अगदी आपली गोदावरी, फक्त स्वच्छ. आई सगळ्यात मागे होती. तिचे गुडघे आणि तो जिना यांचं जमत नव्हतं.

आणि माझ्या डोक्यात काही फक्त पैज नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या पीटीच्या घुमरे बाईंनी मला मैदानावर थांबवून घेतलं होतं. महाराष्ट्र दिनाला, म्हणजे एक मेला, पोलीस मैदानावर आमच्या शाळेचं लेझीम पथक उतरणार होतं. चाळीस मुली, त्यात नववीच्या थोराड ताया. हाका देणारी मुलगी शाळा सोडून गेली होती. लेझमीत एक जण समोर उभी राहून 'चार आवाज', 'आठ आवाज', 'हूल' अशा हाका देते आणि तिच्या हाकेवर सगळ्या जणी एकदम बदलतात. मी शेवटच्या रांगेत असायचे आणि पुढची हाक तिच्याआधी तोंडातल्या तोंडात बोलायचे. आपोआप. बाईंना ते दिसलं होतं. त्या म्हणाल्या, "हाका तू दे." मी म्हणाले, विचार करून सांगते. बाई म्हणाल्या, गुरुवारपर्यंत कळव, सोमवारपासून सराव आहे, नाहीतर मी नववीच्या राजेश्वरीला सांगेन.

मनोरा चढत होतो तो दिवस गुरुवार होता.

मला हाका द्यायच्या होत्या. इतक्या की स्वप्नात देत होते. पण चाळीसजणींतली एक चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि हाक देणारी चुकली तर चाळीसच्या चाळीस चुकतात आणि अख्खं मैदान तिच्याकडे बघतं. शिवाय सरावाची वेळ आणि शिष्यवृत्तीच्या सुट्टीतल्या बॅचची वेळ एकच, सकाळी सात. बाबांनी माझं नाव तिथे घातलं होतं. म्हणून विमानात मीच आईबाबांना सांगून टाकलं की मी नाही म्हणणार आहे. आई म्हणाली, शहाणी गं माझी. बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. आणि मला रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून विमानाच्या पंखाला दाखवलं.

तर, वर.

जिना एका चौकोनी, चुना लावलेल्या खोलीत संपला. घंटा आणखी वर होत्या. इथे फक्त त्यांच्या दोऱ्या छतातल्या भोकांतून खाली आलेल्या होत्या. पाच दोऱ्या, प्रत्येकीला खाली लोकरीची जाड मूठ. भिंतीवर जुन्या वाजवणाऱ्यांचे फोटो, एका कोपऱ्यात टेबल, त्यावर पाव आणि वाइनची बाटली. आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा, त्यावर नुसते आकडे. एक ते पाच, उलटसुलट, ओळीच्या ओळी.

त्या आकड्यांची मालकीण म्हणजे ओर्नेला बाई. बुटक्या, चष्मा, पांढरे आखूड केस. औषधाचं दुकान चालवतात, त्यामुळे इंग्रजी छान बोलतात. त्या दोरी ओढत नाहीत. त्या फळ्यासमोर उभ्या राहून आकडे बोलतात आणि ज्याचा आकडा तो आपली दोरी ओढतो. बाकीच्यांत आमचे रेंझोशेठ, बेप्पे आणि तोनी हे गॅरेजवाले जुळे भाऊ, आणि कियारा नावाची कॉलेजातली मुलगी. पाचवा दीनो, बेकरीवाला. तो यायचा होता. तो नेहमीच यायचा असतो, असं कियारा म्हणाली.

ओर्नेला बाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. आपल्याकडे घंटा तोंड खाली करून लटकते. त्यांच्याकडे वाजवायच्या आधी ती झुलवत झुलवत उलटी करतात, तोंड आकाशाकडे, पेल्यासारखी. तशी ती तोल सांभाळून उभी राहते. मग दोरीला जरासा हिसका दिला की ती सगळा जडपणा घेऊन खाली येते, एक पूर्ण गिरकी घेते, एकदाच वाजते आणि पुन्हा तोंड वर करून उभी राहते. आत्ता पाचही उभ्या केलेल्या आहेत, त्या म्हणाल्या, दीनोचीही रेंझोने करून ठेवली आहे. तेव्हा दोऱ्यांपासून लांब.

"आणि गंमत इथे आहे," त्या म्हणाल्या. "मी आकडा बोलले की घंटा लगेच वाजत नाही. गिरकीला वेळ लागतो. म्हणून एकीचा आवाज येण्याआधी मला पुढचा आकडा बोलून मोकळं व्हावं लागतं."

"म्हणजे पहिली बरोबर वाजली की नाही हे कळायच्या आधीच?"

हे मी विचारलं. पैजेतलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"हो. ते ऐकत बसले तर पुढची चुकेल."

मग दीनोची वाट बघता बघता त्यांनी सण-वाजवणीची तोंडी उजळणी सुरू केली. दोऱ्यांना हात न लावता. ओर्नेला बाई फळ्यावरचे आकडे बोलायच्या, ज्याचा आकडा तो मान हलवायचा. चिंक्वे, क्वात्रो, त्रे, दुए, उनो. पाच, चार, तीन, दोन, एक. एक नंबर सगळ्यात मोठी, तिला गिरकीला जास्त वेळ लागतो, म्हणून तिचा आकडा किंचित आधी. दुसऱ्या ओळीपर्यंत मला त्याचा ठेका सापडला आणि तिसऱ्या ओळीत मी तोंडातल्या तोंडात बोलायला लागले. आपोआप.

उजळणी संपली. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी फोटोंसाठी माझ्याकडे असलेला आईचा फोन बाबांच्या हातात दिला, रेकॉर्ड करा म्हटलं, ओर्नेला बाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि पाठ केलेला प्रश्न खणखणीत आवाजात विचारला. चुकून भलत्याच वेळी घंटा वाजली, तर काय होतं?

ओर्नेला बाई हसल्या. चष्मा पुसत म्हणाल्या की कुठली वाजली त्यावर आहे. लहान वाजली तर पोरं हसतात. पण मोठीचा एकच टोला पडला, तर...

एवढ्यात आई वर पोचली.

ती धापा टाकत होती. दाराबाहेर तिने चपला काढल्या. आत आली, समोर छतातून दोरी लोंबताना दिसली. आमच्या गल्लीतल्या सिद्धेश्वराच्या देवळात घंटा फार उंच आहे, म्हणून तिला अशीच दोरी बांधलेली आहे. आईने डोळे मिटले, डावा हात छातीशी धरला आणि उजव्या हाताने ती दोरी ओढली.

व्हिडिओत पुढचं सगळं आहे. रेंझोशेठची झेप आहे. आईच्या हातून सटकून वर पळालेली दोरी आहे. मधली ती विचित्र शांतता आहे, वर काहीतरी प्रचंड वळत असतानाची. आणि मग तो टोला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. तो कानांना ऐकू आला नाही, दातांना आला.

आईने डोळे उघडले आणि प्रसन्नपणे म्हणाली, "किती छान आहे हो घंटा यांची."

रेंझोशेठनी उडी मारून दोरी पकडली होती आणि घंटा पुन्हा उभी केली होती. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी रागावलं नाही. तेच जास्त भीतीदायक होतं.

ओर्नेला बाईंनी त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. मोठीचा एकच टोला पडला, तर या पेठेत त्याचा अर्थ कुणीतरी गेलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मग रेंझोशेठचा. मग कियाराचा. बेप्पे आणि तोनी यांचे एकदमच. सगळीकडून एकच नाव ऐकू येत होतं, आत्तिलिओ. ओर्नेला बाईंच्या आधी आकडे बोलायचं काम ज्यांनी आयुष्यभर केलं ते आत्तिलिओ आजोबा. समोरच्याच घरात राहायचे आणि महिनाभर अंथरुणाला खिळून होते. अख्ख्या पेठेने टोला ऐकला आणि त्यांच्याच नावाने उसासा टाकला.

आणि मग ओर्नेला बाईंना आणखी एक फोन आला. तो घेताना त्या आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या, मग भिंतीला टेकून हसायला लागल्या. आत्तिलिओ आजोबाच होते. ते विचारत होते की मोठीचा टोला ऐकला, सगळ्या खिडक्यांतून लोक माझ्या घराकडे बघून क्रॉसची खूण करतायत, तर मी गेलो का, आणि गेलो असेन तर मला आधी कुणी सांगितलं का नाही.

बाबांनी हे आईला मराठीत सांगितलं. आई मटकन खाली बसली. घंटा दिसली की हात जातो हो, एवढंच परत परत म्हणत राहिली. दिसली कुठे होती, दोरी होती, असं बाबा म्हणाले, पण तेही हळूच.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग खिडकीतून कियारा ओरडली.

खाली पीठ लागलेला पांढरा ॲप्रन घातलेला एक माणूस सायकलवर होता. दीनो. मनोऱ्याकडेच येत होता, पण टोला ऐकून तो चौकातच वळला होता आणि नदीच्या दिशेने जिवाच्या आकांताने पायडल मारत होता. कुठे चाललाय ते इथे सगळ्यांना कळलं. आत्तिलिओ आजोबांची एकुलती एक मुलगी नदीपलीकडे तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. तिला ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून दीनो स्वतः निघाला होता. कियाराने त्याला फोन लावला, तर तो बेकरीत वाजला; त्याच्या बायकोने उचलला. मुलीला लावला, तर तिचा कुठल्यातरी कपाटात वाजत राहिला.

"काय करता येईल?" बाबांनी विचारलं.

ओर्नेला बाई म्हणाल्या, एकच गोष्ट. टोल्यानंतर लगेच पाचही घंटांची सण-वाजवणी झाली, तर सगळ्यांना कळतं की टोला चुकीचा होता. दीनोही समजेल. पण पूल ओलांडला की गजबज आहे, तिथे नीट ऐकू येणार नाही. आत्ताच वाजवायला हवं. आणि दीनो इथे नाही.

त्यांनी भराभर माणसं लावली. मोठी रेंझोशेठनी घ्यायची. रेंझोशेठची दोन नंबर ओर्नेला बाईंनी. मग त्या थांबल्या. दोरी हातात असलेल्याने बोलायचं नाही, हा त्यांच्याकडचा पक्का नियम आहे; लक्ष जरा हटलं तर दोरी माणसाला छतापर्यंत घेऊन जाते. मग आकडे कोण बोलणार?

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू मघाशी माझ्या आधी बोलत होतीस," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत होतं."

मी नाही म्हणाले. म्हणजे मान हलवली. मग तोंडाने म्हणाले की मी चुकले तर सगळ्याच चुकतील, गावभर ऐकू जाईल.

"चुकलीस तर पुढचा आकडा बोल."

"पण..."

"मागे कुणी जाऊ शकत नाही, मुली. घंटा निघालेली असते." आणि त्या दोन नंबरच्या दोरीकडे गेल्यासुद्धा.

आई जमिनीवरून उठली. तिने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि मला फळ्यासमोर नेऊन उभं केलं, लहानपणी बालवाडीच्या स्टेजवर ढकलायची तसं. म्हणाली, "स्वरू, माझी लाज राख. भाजीवाल्याला मारतेस तशी हाक मार."

पाच जण, पाच दोऱ्या, पाच जणांचे डोळे फळ्याकडे नाही, माझ्याकडे. मी आवाज शोधला. होता तिथेच.

"चिंक्वे!"

कियाराचे हात खाली गेले. काहीच वाजलं नाही. मला वाटलं, चुकलं. पण थांबायचं नव्हतं, म्हणून मी क्वात्रो म्हणाले, आणि त्याच क्षणी वरून पहिला आवाज आला, चांदीच्या ताटलीसारखा. त्रे. मग दुसरा आवाज. दुए. उनो, किंचित आधी. आणि रेंझोशेठ अख्खे वाकले, ती मोठी घंटा, जिने मघाशी एका माणसाला मारलं होतं, ती आता सगळ्यांच्या खालून येऊन त्यांना उचलून धरत होती. पुन्हा पाच. पुन्हा चार. दुसरी ओळ. माझे आकडे पुढे आणि आवाज मागून, जसं काही मी चालत होते आणि रस्ता मागाहून बनत होता. मी ऐकणं सोडून दिलं. नुसती बोलत गेले. माझ्या पायाने आपोआप लेझमीचा ठेका धरला होता.

चौथ्या ओळीत मी चुकले.

चार नंबर आला आणि माझ्या तोंडून 'क्वात्रो'च्या ऐवजी 'चार' गेलं. चांगलं खणखणीत मराठीत. तोनी दोरी धरून माझ्याकडे बघतच राहिला. त्याचे हात हलले नाहीत. वर घंटांच्या रांगेत एक दात पडल्यासारखी फट पडली, आणि ती फट नदीपर्यंत, पुलापर्यंत, समोरच्या घरातल्या अंथरुणापर्यंत सगळ्यांनी ऐकली असणार. माझा चेहरा तापला. ही तीच गोष्ट होती. जिच्यासाठी मी नाही म्हणणार होते ती.

मी "त्रे" म्हणाले.

बेप्पेने ओढलं. आवाज आला. दुए. उनो. पुढच्या फेरीत "क्वात्रो" म्हणताना मी तोनीकडे रोखून बघितलं आणि त्याने हसत हसत दोरी अशी ओढली की त्याची टाच उचलली गेली.

फळ्यावरची शेवटची ओळ संपली. शेवटची मोठी वाजली आणि तिचा गुंजारव कितीतरी वेळ विटांतून उतरत राहिला. मग खालून एक वेगळाच आवाज यायला लागला. आम्ही सगळे खिडकीशी गेलो. चौकात लोक उभे होते, वर बघून टाळ्या वाजवत होते. आणि लांब पुलाच्या मधोमध तो पांढरा ॲप्रनवाला सायकल आडवी टाकून कठड्यावर बसला होता, दोन्ही हात कमरेवर. एवढ्या लांबून शिव्या ऐकू येत नव्हत्या, पण कियारा म्हणाली की आहेत.

बाटली उघडली गेली. मला आणि आईला संत्र्याचा रस. बेप्पेने आईला स्वतःची खुर्ची दिली. आता तिचा धाक बसला होता. आई दोरीपासून शक्य तितकी लांब, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

पुन्हा फोन वाजला. ओर्नेला बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. म्हातारा, चिरका, पण चांगला जिवंत आवाज. त्या इंग्रजीत सांगत गेल्या. आत्तिलिओ आजोबा म्हणत होते की माझ्यासाठी ही वाजवणी झाली याचा आनंद आहे, मरणानंतर इतक्या लगेच सण फार थोड्यांच्या वाट्याला येतो. पण चौथ्या ओळीत चार नंबर खाल्ली. ते ऐकून मी पलंगावर उठून बसलो. कोण बोललं आकडे? तू तर नव्हतीस, ओर्नेला, तू चुकलीस की थबकतेस. ही थबकली नाही.

ओर्नेला बाईंनी ते शेवटचं भाषांतर करताना डोळे वटारले. मग फोनमध्ये माझं नाव सांगितलं. 'भामरे' त्यांना काही केल्या येईना. पलीकडून काहीतरी छोटंसं उत्तर आलं.

"ते विचारतायत, उद्या सकाळीही तीच बोलणार का?"

उद्या सकाळी आमचं विमान होतं. मी ते सांगितलं, आणि मला पहिल्यांदाच इटली सोडायचं वाईट वाटलं.

मनोरा उतरून आम्ही तिघं चौकातल्या आइस्क्रीमच्या दुकानापुढे बसलो. येणारे जाणारे आईकडे बघून हात हलवत होते. बातमी आमच्याआधी खाली पोचली होती. एका म्हाताऱ्या बाईंनी तर जवळ येऊन तिचा हात हातात घेतला आणि इटालियनमध्ये बरंच काही सांगितलं. आईने तिला मराठीत उत्तर दिलं. दोघींचं एकमेकींशी अगदी पटलं. बाबा म्हणाले, "उज्ज्वला, परदेशात येऊन तू एक माणूस मारलास आणि परत उठवून बसवलास. महिनाभर डॉक्टरांना जमलं नव्हतं ते."

आई म्हणाली, उठवला माझ्या लेकीने. मग दोघं त्या व्हिडिओवर वाकले आणि आईची दोरी ओढण्याची जागा परत परत लावून बघायला लागले. बाबांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. आई म्हणत होती की हे नाशकात कुणाला दाखवायचं नाही हं. मी पिस्त्याचं आइस्क्रीम खात होते आणि नाशकात आत्ता किती वाजले असतील याचा हिशेब करत होते. घुमरे बाई लवकर झोपतात.

मी आईकडून फोन मागून घेतला. सायमा आणि देवयानीला व्हिडिओ पाठवला, बरोबर दुसरं काही न लिहिता. मग आणखी एक निरोप लिहिला. पाठवायच्या आधी तो पुन्हा वाचून बघावासा वाटला. नाही वाचला.

"काय गं, एवढं काय लिहितेस?" बाबांनी विचारलं. "मैत्रिणींना?"

"घुमरे बाईंना."

आईचं हसू अर्धवट थांबलं. "हो, आज गुरुवार, नाही का. नाही म्हणून कळवलंस ना? नीट शब्दांत कळव बाई, त्यांना वाईट वाटायला नको."

मी फोन टेबलावर ठेवला, दोघांच्या मधोमध. माझ्या लक्षात आलं की मी उभी राहिले आहे. उभं राहायची काही गरज नव्हती.

"मी हाका देणार आहे," मी म्हणाले. "एक मेला, पोलीस मैदानावर, चाळीसजणींना. शिष्यवृत्तीची सकाळची बॅच मला जमणार नाही, बाबा, संध्याकाळची असेल तर बघा, नसेल तर मी घरी करीन. बाईंना हो कळवून झालंय."